महाभियोग : अर्थ, कार्यपद्धती आणि मर्यादा

लोकशाही राज्यव्यवस्थेत कोणतेही पद, ते कितीही उच्च असले तरी, उत्तरदायित्वापासून मुक्त असत नाही. त्याचबरोबर हेही तितकेच खरे की, ज्यांच्याकडून निर्भय व निःपक्षपाती कारभाराची अपेक्षा करावयाची, त्यांच्या डोक्यावर कोणाच्या क्षणिक रोषाची टांगती तलवार असता कामा नये. या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांनी जी व्यवस्था स्वीकारली, तीस महाभियोग असे म्हणतात.

हा शब्द वृत्तपत्रांतून व सभांतून वारंवार कानी पडतो. परंतु त्याचा वापर बराच सैलपणे होतो. कोणी त्यास अविश्वासाचा ठराव समजतो, कोणी फौजदारी खटला, तर कोणी बडतर्फी. शाळेत नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत काम करणाऱ्या सदस्यांना व अधिकाऱ्यांना या संज्ञांतील भेद स्पष्ट असणे अगत्याचे आहे. कारण या भेदावरच अनेकदा एखाद्या व्यक्तीचे पद, प्रतिष्ठा आणि न्याय अवलंबून असतो.

शब्दाचा अर्थ

'अभियोग' हा आपल्याकडील जुना विधिविषयक शब्द आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तो आरोप किंवा दावा या अर्थाने आला आहे. आजही सरकारी वकिलास आपण 'अभियोक्ता' म्हणतो. तेव्हा महाभियोग म्हणजे मोठा आरोप. राज्यातील उच्चपदस्थावर लोकप्रतिनिधींनी विधिपूर्वक ठेवलेला आरोप. 'इम्पीचमेंट' या इंग्रजी शब्दाचे मूळ पायात बेडी अडकविणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मराठीत 'खोडा घालणे' हा वाक्प्रचार ज्या कल्पनेतून आला, तीच ही कल्पना होय. स्वैर चालणाऱ्या अधिकाराच्या पायात कायद्याने घातलेला हा खोडा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. महाभियोग हा प्रारंभी आरोप आहे, निकाल नव्हे. आरोप ठेवला गेला म्हणजे दोष सिद्ध झाला असे होत नाही. म्हणून महाभियोगाची कोणतीही पद्धती अभ्यासताना तीन प्रश्न विचारावेत : आरोप कोणी ठेवावयाचा? चौकशी कोणी करावयाची? आणि अंतिम निर्णय कोणी द्यावयाचा? ही तीन कामे जितकी निरनिराळ्या हातांत असतील, तितकी न्यायाची शाश्वती अधिक.

उगम व विकास

या पद्धतीचा उगम इंग्लंडमध्ये झाला. १३७६ साली भरलेल्या पार्लमेंटमध्ये कॉमन्स सभेने राजाच्या मर्जीतील लॉर्ड लॅटिमर व इतर काही व्यक्तींवर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले आणि उमरावांच्या सभागृहाने त्यांचा निवाडा केला. राजास न्यायालयात खेचता येत नव्हते; परंतु त्याच्या आज्ञेच्या आडून गैरकारभार करणाऱ्या मंत्र्यास जाब विचारता येईल, हे तत्त्व येथे रुजले. एका सभागृहाने आरोप करावा व दुसऱ्याने न्याय द्यावा, ही विभागणीही येथूनच सुरू झाली.

भारताच्या इतिहासाशी निगडित असा सर्वांत गाजलेला महाभियोग वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील होय. बंगालचे गव्हर्नर जनरल या नात्याने त्यांनी केलेल्या कारभाराबद्दल एडमंड बर्क यांनी १७८६ मध्ये आरोप मांडले. बनारसचा राजा चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांना दिलेली वागणूक हे त्यांतील प्रमुख विषय होते. मराठ्यांशी झालेले युद्ध व तह यांवरही एक स्वतंत्र कलम होते. सुनावणी फेब्रुवारी १७८८ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. आरोप ठेवल्यापासून निकाल लागेपर्यंत नऊ वर्षे लोटली. आरोप खरे असतील, तर पीडितांना न्याय मिळाला नाही. खोटे असतील, तर आरोपीस निकालापूर्वीच शिक्षा झाली. दोन्ही बाजूंनी पाहता दीर्घसूत्रीपणा हा या पद्धतीचा मोठा दोष ठरला.

इंग्लंडमधील शेवटचा महाभियोग १८०६ साली लॉर्ड मेलव्हिल यांच्यावर झाला व तेही निर्दोष सुटले. पुढे मंत्रिमंडळ कॉमन्स सभेस जबाबदार असते, हे तत्त्व दृढ झाले. ज्या मंत्र्यावर सभागृहाचा विश्वास उरला नाही त्याने पद सोडावे, एवढे पुरेसे ठरू लागल्यावर महाभियोगाची गरज तेथे उरली नाही. अविश्वासाचा ठराव आणि महाभियोग यांतील नाते व भेद येथे स्पष्ट होतात. अविश्वासाच्या ठरावास कारण सिद्ध करावे लागत नाही, विश्वास गेला एवढे पुरते. महाभियोगास मात्र निश्चित आरोप आणि त्याचा पुरावा लागतो.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत अध्यक्षाची मुदत ठरलेली असते आणि तो विधिमंडळाच्या विश्वासावर पदावर राहत नाही. म्हणून १७८७ साली तयार झालेल्या तेथील राज्यघटनेने महाभियोगाची तरतूद केली. राजद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर अपराध व दुराचार ही त्याची कारणे होत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवते. सेनेट चौकशी करते. दोषी ठरविण्यास उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. अध्यक्षावरील आरोपाच्या सुनावणीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश सेनेटचे अध्यक्षस्थान भूषवितात.

१८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील आरोपांवर सेनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशी मते पडली. दोषी ठरविण्यास ३६ मते हवी होती. केवळ एका मताने ते पदावर राहिले. १९७४ साली वॉटरगेट प्रकरणात प्रतिनिधिगृहाच्या समितीने आरोपांना मान्यता दिल्यानंतर, परंतु प्रतिनिधिगृहात मतदान होण्यापूर्वीच, अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला. त्यामुळे 'निक्सन यांच्यावर महाभियोग झाला' असे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या चुकीचे आहे. याउलट बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ मध्ये असे दोनदा प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले. सेनेटने मात्र तिन्ही वेळा त्यांना दोषमुक्त केले. म्हणजे महाभियोग होऊनही पद गेले नाही, अशी ही उदाहरणे आहेत.

भारताच्या राष्ट्रपतींवरील महाभियोग

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगाची कार्यपद्धती दिली आहे. त्यास कारण एकच : संविधानाचा भंग. धोरणाविषयी मतभेद किंवा सत्तारूढ पक्षाची नाराजी ही कारणे त्यास चालत नाहीत.

आरोप संसदेच्या दोहोंपैकी कोणत्याही सभागृहास ठेवता येतो. त्यासाठी त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांनी सही केलेली, किमान १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. नंतर तो ठराव एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने संमत व्हावा लागतो. त्यानंतर दुसरे सभागृह आरोपाची चौकशी करते किंवा करविते. या चौकशीच्या वेळी स्वतः उपस्थित राहण्याचा किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. चौकशीअंती त्या सभागृहानेही एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचा ठराव केला, तर त्या दिवसापासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात.

आकड्यांत सांगावयाचे तर, लोकसभेच्या ५४३ सदस्यांपैकी किमान १३६ जणांच्या सह्या सूचनेवर हव्यात आणि ठरावास किमान ३६२ मते हवीत. राज्यसभेच्या २४५ सदस्यांबाबत हेच आकडे अनुक्रमे ६२ व १६४ असे येतात. येथे उपस्थित सदस्यांची संख्या विचारात घेतली जात नाही. गैरहजर राहणारा सदस्यही ठरावाच्या विरुद्धच धरला जातो, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

अध्यापकांनी आणखी एक भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेच्या निवडून आलेल्या सदस्यांबरोबर राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्यही मतदान करतात. नामनिर्देशित सदस्यांना मत नसते. महाभियोगात मात्र विधानसभा सदस्यांना स्थान नाही, आणि संसदेच्या नामनिर्देशित सदस्यांना मताचा अधिकार आहे.

राष्ट्रपतिपदावर असताना त्या व्यक्तीविरुद्ध फौजदारी कार्यवाही करता येत नाही, असे संरक्षण अनुच्छेद ३६१ देतो. तथापि अनुच्छेद ६१ खालील आरोपाच्या चौकशीसाठी सभागृहाने नेमलेल्या न्यायालयास वा मंडळास राष्ट्रपतींच्या वर्तनाची छाननी करता येईल, असा अपवादही तेथेच नमूद आहे. १९५० ते २०२४ या काळात भारतात एकाही राष्ट्रपतींवर महाभियोगाची कार्यवाही झाली नाही.

न्यायाधीशांना पदावरून दूर करणे

न्यायाधीशांच्या बाबतीतही आपण सर्रास महाभियोग हाच शब्द वापरतो. संविधानाने मात्र तो राष्ट्रपतींपुरताच योजिला आहे. न्यायाधीशांसाठी अनुच्छेद १२४ मध्ये 'पदावरून दूर करणे' अशी भाषा आहे, आणि तीच पद्धती अनुच्छेद २१८ नुसार उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना लागू होते. शाबीत झालेली गैरवर्तणूक किंवा अकार्यक्षमता ही दोनच कारणे त्यास आहेत.

ही पद्धती न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ ने तपशिलात सांगितली आहे. लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी सूचनेवर सही करावी लागते. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ती स्वीकारतात वा नाकारतात. स्वीकारल्यास तीन जणांची समिती नेमली जाते : सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, उच्च न्यायालयाचे एक मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ. समितीस दोष आढळला नाही, तर प्रकरण तेथेच संपते. दोष आढळला तरच प्रस्ताव सभागृहापुढे येतो. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी एकाच अधिवेशनात पूर्ण झाल्यावर राष्ट्रपती आदेश काढतात. असा प्रस्ताव असल्याखेरीज न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाविषयी संसदेत चर्चाही करता येत नाही, हे अनुच्छेद १२१ मुळे स्पष्ट आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचे प्रकरण या संदर्भात अभ्यसनीय आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना त्यांनी केलेल्या खर्चाविषयी आक्षेप होते. १९९१ साली लोकसभेच्या १०८ सदस्यांनी सूचना दिली व अध्यक्ष रबी राय यांनी ती स्वीकारली. समितीत न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे होते. समितीने अनेक आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष दिला. मे १९९३ मध्ये लोकसभेत मतदान झाले, तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरुद्ध एकही मत पडले नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. मतदान करणाऱ्यांत दोन तृतीयांश बहुमताची अट सहज पूर्ण झाली होती. परंतु एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २७० हून जास्त मते, हवी होती. ती न मिळाल्याने प्रस्ताव बारगळला.

चौकशी न्यायाधीशांनी केली, निर्णय मात्र राजकीय सभागृहाने दिला. आणि तटस्थतेनेही निर्णय घडू शकतो, हे या प्रकरणाने दाखविले. न्यायाधीशांना मिळणारे संरक्षण आवश्यक आहे. पण ते वापरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी पुरावा पाहून मत दिले नाही, तर संरक्षणाचे रूपांतर अभयदानात होते.

कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्या बाबतीत राज्यसभेने ऑगस्ट २०११ मध्ये १८९ मतांनी प्रस्ताव संमत केला. लोकसभेत तो येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. १९५० ते २०२४ या काळात या पद्धतीने एकाही न्यायाधीशास प्रत्यक्षात दूर केले गेले नाही. मात्र पदावरून दूर करणे आणि फौजदारी जबाबदारी या दोन गोष्टी भिन्न आहेत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवरही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालू शकतो, परंतु त्यासाठी प्रथम भारताच्या सरन्यायाधीशांचा विचार घेतला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने के. वीरास्वामी प्रकरणात १९९१ साली सांगितले.

अन्य पदे

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच दूर करता येते. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षास वा सदस्यास गैरवर्तणुकीबद्दल दूर करावयाचे असल्यास सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी व्हावी लागते. उपराष्ट्रपतींसाठी राज्यसभेच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताचा ठराव व त्यास लोकसभेची संमती पुरते. त्यासाठी संविधानाने कारण नमूद केलेले नाही. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद धारण करतात. त्यांच्यासाठी महाभियोगाची तरतूद नाही. पदाचे स्वरूप जसे, तसे संरक्षण, हे सूत्र यामागे दिसते. हिशेब तपासणारा, निवडणूक घेणारा आणि न्याय देणारा यांना सर्वाधिक स्थैर्य दिले गेले, कारण त्यांना सत्ताधाऱ्यांस न रुचणारे निर्णय घ्यावे लागतात.

साक्षीदाराची विश्वासार्हता

इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'इम्पीच' हे क्रियापद आणखी एका अर्थाने येते : साक्षीदाराच्या विश्वासार्हतेस बाध आणणे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १५५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १५८ लागू आहे. साक्षीदार विश्वासास पात्र नाही असे त्यास ओळखणाऱ्यांनी सांगणे, त्याने लाच घेतल्याचे किंवा स्वीकारण्याचे मान्य केल्याचे सिद्ध करणे, अथवा त्याचे पूर्वीचे विसंगत कथन दाखविणे, हे त्याचे मार्ग होत. जुन्या कलमात बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडित स्त्रीच्या सर्वसाधारण चारित्र्यावर बोट ठेवण्याचीही मुभा होती. ती २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने काढून टाकण्यात आली. साक्ष तपासणे वेगळे आणि साक्षीदाराची बेअब्रू करणे वेगळे, हा भेद कायद्याने त्याद्वारे मान्य केला.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर

गावपातळीवर महाभियोग ही संज्ञा नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला भेद तेथे रोज उपयोगी पडतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये सरपंचास पदावरून दूर करण्याचे दोन निरनिराळे मार्ग आहेत. कलम ३५ खाली अविश्वासाचा प्रस्ताव येतो. सदस्य तहसीलदारांकडे सूचना देतात, तहसीलदार सभा बोलावितात आणि विशेष बहुमताने निर्णय होतो. येथे दोषाचा न्यायनिवाडा होत नाही. कलम ३९ मात्र गैरवर्तणूक, लज्जास्पद वर्तन, कर्तव्यातील हयगय किंवा असमर्थता यांसाठी आहे. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून चौकशी होते, संबंधितास नोटीस व म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात.

हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले, की अनर्थ होतो. सदस्यांचा विश्वास गेला एवढ्यावरून सरपंचास अपहार करणारा म्हणून हिणविणे जसे अन्यायाचे, तसेच खऱ्या अपहारावर केवळ अविश्वासाचा ठराव करून चौकशी टाळणे हेही गावाच्या हिताचे नाही. पहिल्या प्रकारात निरपराधाची अब्रू जाते; दुसऱ्यात गावाचा पैसा जातो आणि दोषी पुन्हा निवडणुकीस उभा राहतो. नव्याने निवडून आलेल्या महिला सरपंच व मागासवर्गीय सरपंच यांच्या बाबतीत तर या भेदाचे भान विशेष ठेवले पाहिजे. थेट निवडणूक, आरक्षण व बहुमत यांविषयीच्या अटींत वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत; म्हणून प्रत्यक्ष कार्यवाहीपूर्वी अधिनियमाची अद्ययावत प्रत पाहूनच पाऊल उचलावे.

अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी सुरुवातीस सांगितलेले तीन प्रश्न अशा प्रत्येक वेळी स्वतःस विचारावेत. आरोप करणारा कोण, चौकशी करणारा कोण आणि निर्णय देणारा कोण? आरोप लेखी व नेमका आहे काय? ज्याच्यावर आरोप आहे त्यास आपली बाजू मांडावयास मिळाली काय? राष्ट्रपतिभवनापासून ग्रामपंचायतीच्या चावडीपर्यंत या प्रश्नांची किंमत सारखीच आहे. पद काढून घेण्याचा अधिकार जनतेच्या प्रतिनिधींना आहे. तो पुराव्याच्या आधारे आणि ठरलेल्या रीतीने वापरला गेला, तरच पदाचीही प्रतिष्ठा राहते आणि जनतेचा विश्वासही टिकतो.